टेरेन्स

टेरेन्स (संपूर्ण नाव : पुब्लिउस टेरेन्टिउस आफेर, जन्म : इ.स.पू. १९५ ते १८५ च्या दरम्यान. मृत्यू : इ.स.पू. १५९) हा लॅटिन भाषेतील एक श्रेष्ठ सुखात्मिकाकार होता. ग्रीक नाटकांच्या आधारे त्याने सहा सुखात्मिका लिहिल्या आणि त्या सर्व आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे जन्मलेला टेरेन्स गुलाम म्हणून रोममध्ये आला आणि पुढे मुक्त होऊन नाटककार झाला. आपली नाटके इतरांची उचललेली आहेत आणि ती बड्या मित्रांनी लिहून दिलेली आहेत, हे दोन आक्षेप त्याला हयातभर ऐकावे लागले. प्रत्यक्षात त्याच्या नाटकांतील अनेक वाक्ये लॅटिनमध्ये आणि पुढे युरोपातील इतर भाषांमध्ये सुभाषिते म्हणून रूढ झाली.

चरित्राची साधने

टेरेन्सच्या जीवनाची माहिती प्रामुख्याने दोन ठिकाणी मिळते. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील रोमन चरित्रकार स्युटोनिअस याने त्याचे छोटे चरित्र लिहिले होते. चौथ्या शतकातील व्याकरणकार डोनाटस याने टेरेन्सच्या नाटकांवर केलेल्या भाष्यात ते समाविष्ट केल्यामुळे टिकून राहिले. दुसरे साधन म्हणजे खुद्द नाटकांच्या प्रस्तावना. यांशिवाय हस्तलिखितांत नाटकांबरोबर प्रयोगांच्या नोंदीही आढळतात. नाटक कोणत्या उत्सवात झाले, मुख्य नट कोण होता, संगीत कोणी दिले आणि मूळ ग्रीक नाटक कोणते, हे त्यांवरून कळते. स्युटोनिअसच्या चरित्रातील काही कथा परस्परविरोधी आहेत व त्या दंतकथांच्या सावधपणेच वाचाव्या लागतात.

जन्म, गुलामगिरी आणि मुक्तता

स्युटोनिअसच्या मते टेरेन्सचा जन्म कार्थेज येथे झाला. आफेर या उपनामाचा अर्थ आफ्रिकेचा असा होतो. तो मध्यम उंचीचा, सडपातळ आणि सावळ्या वर्णाचा होता, असे वर्णन मिळते. रोम आणि कार्थेज यांच्यातील दुसरे युद्ध इ.स.पू. २०१ मध्ये संपले आणि तिसरे इ.स.पू. १४९ मध्ये सुरू झाले. टेरेन्सचे सगळे आयुष्य या दोन युद्धांमधील शांततेच्या काळात गेले. त्यामुळे तो रोमन सैन्याने पकडलेला युद्धकैदी असणे शक्य नव्हते, हे प्राचीन अभ्यासकांच्याही लक्षात आले होते.

रोममध्ये तो टेरेन्टिउस लुकानुस या सेनेटरच्या घरी गुलाम होता. मुलाची बुद्धी आणि रूप पाहून लुकानुसने त्याला स्वतंत्र नागरिकाच्या मुलाप्रमाणे शिक्षण दिले आणि लहान वयातच मुक्त केले. मुक्त झालेल्या गुलामाने आपल्या मालकाचे कुलनाम धारण करावे, अशी रोमन प्रथा होती. टेरेन्टिउस हे नाव त्याला असे मालकाकडून मिळाले आणि पुढे जगाने त्याला त्याच नावाने ओळखले.

लॅटिन रंगभूमी आणि ग्रीक नाटके

टेरेन्सच्या काळी रोममध्ये दगडी बांधणीचे कायम नाट्यगृह नव्हते. असे पहिले नाट्यगृह पाँपीने इ.स.पू. ५५ मध्ये उभारले. तोपर्यंत धार्मिक उत्सवांत किंवा थोरामोठ्यांच्या अंत्यविधीच्या खेळांत तात्पुरता लाकडी रंगमंच बांधून नाटके होत. उत्सवाची व्यवस्था पाहणारे अधिकारी नाटक विकत घेत. त्याच उत्सवात इतर करमणुकीही चालत, त्यामुळे नाटकाला आपला प्रेक्षक टिकवून धरावा लागे.

लॅटिन नाटकाचा आरंभच रूपांतराने झाला. इ.स.पू. २४० मध्ये लिव्हिउस अँड्रोनिकस याने ग्रीक नाटकांच्या लॅटिन आवृत्त्या रोमच्या रंगमंचावर आणल्या. तोही मुक्त गुलामच होता. त्यानंतर नेव्हिउस, प्लॉटस आणि केकिलिउस स्टाटिउस यांनी ही परंपरा पुढे नेली. अथेन्समधील मिनँडर, डिफिलस आदी नाटककारांच्या नव-सुखात्मिका हा त्यांचा मुख्य आधार होता. राजकारणाऐवजी घरगुती जीवन, बापलेकांचे संघर्ष, प्रेमप्रकरणे, हरवलेल्या मुलींची ओळख पटणे हे या नाटकांचे विषय असत. लॅटिन रूपांतरातही पात्रे ग्रीक, स्थळ बहुधा अथेन्स आणि वेश ग्रीकच राही. ग्रीक पद्धतीच्या पालिउम या अंगवस्त्रावरून या प्रकाराला पालिआटा असे नाव पडले. ग्रीक नाटक लॅटिनमध्ये आणणे हे त्या काळी चौर्य मानले जात नव्हते. उलट, एखादे नाटक प्रथम लॅटिनमध्ये आणणाऱ्याला त्याचे श्रेय मिळे. मात्र जे नाटक आधी लॅटिनमध्ये आले आहे, ते पुन्हा वापरणे आक्षेपार्ह समजले जाई.

पहिले नाटक : आन्द्रिया

टेरेन्सचे पहिले नाटक आन्द्रिया (आंद्रोसची मुलगी) हे इ.स.पू. १६६ मध्ये मेगालेन्सिआ या उत्सवात सादर झाले. या संदर्भात स्युटोनिअसने एक कथा दिली आहे. नाटक विकत घेण्यापूर्वी ते केकिलिउसला वाचून दाखव, असे अधिकाऱ्यांनी टेरेन्सला सांगितले. तो गेला तेव्हा केकिलिउस भोजन करीत होता. साध्या कपड्यांतील या तरुणाला त्याने आसनाशेजारच्या बाकावर बसून वाचायला सांगितले. काही ओळी ऐकताच त्याने टेरेन्सला आपल्या पंगतीला घेतले आणि जेवणानंतर उरलेले नाटक कौतुकाने ऐकले. केकिलिउसही पूर्वाश्रमीचा गुलामच होता. तथापि एका प्राचीन कालगणनेनुसार तो इ.स.पू. १६८ च्या सुमारासच मरण पावला असल्यामुळे अभ्यासक ही कथा शंकास्पद मानतात.

आन्द्रियाची रचना टेरेन्सच्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. मिनँडरच्या आन्द्रिया या नाटकाला त्याने मिनँडरच्याच पेरिन्थिआ या दुसऱ्या नाटकातील भाग जोडला. डोनाटसच्या माहितीनुसार मूळ आन्द्रियाच्या आरंभी म्हातारा बाप एकटाच बोलत होता, तर पेरिन्थिआमध्ये तो आपल्या बायकोशी बोलत होता. टेरेन्सने बायकोच्या जागी सोसिया नावाचा मुक्त गुलाम आणला. या प्रवेशात सीमो हा मालक सोसियाला आपण त्याला गुलामगिरीतून कसे मुक्त केले याची आठवण करून देतो. सोसिया कृतज्ञता व्यक्त करतो, पण अशी आठवण काढणे हे आपण उपकार विसरल्याचा ठपका ठेवण्यासारखे आहे, असेही नम्रपणे सुचवतो. मूळ ग्रीक नाटकात नसलेला हा संवाद टेरेन्सची स्वतःची भर आहे. सोसिया या प्रवेशानंतर पुन्हा रंगमंचावर येत नाही.

हेकिराचे अपयश

इ.स.पू. १६५ मध्ये टेरेन्सचे दुसरे नाटक हेकिरा (सासू) रंगमंचावर आले. करिस्टसचा अपोलोडोरस हा त्याचा मूळ ग्रीक लेखक होता. सुनेने घर सोडल्याचा दोष सगळे जण सोस्ट्राटा या सासूवर ठेवतात, पण ती निर्दोष असते आणि मुलाचा संसार टिकावा म्हणून स्वतः गावाकडे जायला तयार होते, असे हे कथानक आहे. नाटक सुरू असताना डोंबाऱ्याचा दोरीवरचा खेळ आणि मुष्टियुद्ध होणार असल्याची बातमी पसरली आणि गोंधळामुळे प्रयोग थांबवावा लागला. इ.स.पू. १६० मध्ये दुसऱ्यांदा प्रयोग लागला तेव्हा पहिला भाग लोकांना आवडला, पण ग्लॅडिएटरांच्या झुंजीची आवई उठताच जागेसाठी झालेल्या झुंबडीत नाटक पुन्हा बंद पडले. त्याच वर्षी तिसऱ्या प्रयत्नात ते अखेर पूर्ण झाले.

या प्रयत्नांमागे लुकिउस अँबिव्हिउस टुर्पिओ हा नट आणि नाटकमंडळीचा प्रमुख उभा होता. हेकिराची प्रस्तावना त्याने स्वतः म्हटली. आपण पूर्वी केकिलिउसची पडलेली नाटके पुनःपुन्हा लावून लोकप्रिय केली, तशीच संधी या तरुण लेखकालाही मिळावी, अशी विनंती त्याने प्रेक्षकांना केली. टेरेन्सच्या सहाही नाटकांना फ्लाक्कस नावाच्या गुलामाने संगीत दिले होते.

लुस्किउसशी वाद

इतर नाटककार प्रस्तावनेचा उपयोग कथानक समजावून देण्यासाठी करीत. टेरेन्सने तो आपल्यावरील आरोपांना उत्तर देण्यासाठी केला. प्रस्तावनांमध्ये तो एका द्वेषी वृद्ध कवीचा उल्लेख करतो, पण त्याचे नाव घेत नाही. हा कवी म्हणजे लुस्किउस लानुव्हिनस होय. दोन ग्रीक नाटके एकत्र करून टेरेन्स दोन्हींची नासाडी करतो, असा त्याचा पहिला आरोप होता. नेव्हिउस, प्लॉटस आणि एन्निउस यांनीही हेच केले होते आणि नीरस काटेकोरपणापेक्षा त्यांचा मोकळेपणा आपल्याला पसंत आहे, असे टेरेन्सने त्यावर उत्तर दिले.

दुसरा आरोप अधिक गंभीर होता. इ.स.पू. १६१ मध्ये युनुकस (खोजा) या नाटकाची अधिकाऱ्यांसमोर तालीम सुरू असताना लुस्किउस तेथे पोहोचला आणि हे नाटक कवीने नव्हे, चोराने आणले आहे, असे ओरडू लागला. त्यातील भोजनभाऊ आणि बढाईखोर सैनिक ही पात्रे नेव्हिउस आणि प्लॉटस यांच्या लॅटिन नाटकातून उचलली आहेत, असा त्याचा दावा होता. ही पात्रे आपण मिनँडरच्या कोलाक्स या ग्रीक नाटकातून घेतली, ती आधी लॅटिनमध्ये आल्याचे आपल्याला माहीत नव्हते, असे टेरेन्सने प्रस्तावनेत सांगितले. त्यापुढे जाऊन त्याने एक व्यापक मुद्दा मांडला. पळापळ करणारा गुलाम, सद्गुणी गृहिणी, कपटी गणिका, हावरा भोजनभाऊ ही पात्रे वापरायला बंदी असेल, तर नाटककाराला वेगळे काय करता येणार? आज जे बोलले जाते ते सगळे पूर्वी कोणीतरी बोललेलेच असते, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे हा युक्तिवादच एक प्रसिद्ध सुभाषित झाला.

युनुकसला त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश मिळाले. त्याचे एकाच दिवशी दोन प्रयोग झाल्याचे सांगितले जाते. त्यासाठी मिळालेले ८,००० सेस्टर्सचे मानधन तोपर्यंत कोणत्याही सुखात्मिकेला मिळाले नव्हते.

उमराव मित्र आणि अडेल्फी

टेरेन्सची स्किपिओ एमिलिआनुस आणि गायस लेलिउस या उमराव घराण्यांतील तरुणांशी जवळीक होती. त्यामुळे त्याची नाटके हेच मित्र लिहून देतात, अशी अफवा पसरली. एका प्राचीन कथेनुसार १ मार्चला पुतेओली येथे पत्नीने लेलिउसला जेवायला लवकर बोलावले असता, आपल्या कामात अडथळा आणू नये असे त्याने सांगितले. उशिरा जेवायला आल्यावर आजच्याइतके लेखन क्वचितच साधले असे म्हणत त्याने ज्या ओळी वाचून दाखवल्या, त्या टेरेन्सच्या हेऑटॉन टिमोरुमेनॉस (स्वतःला शिक्षा करणारा, इ.स.पू. १६३) या नाटकातील होत्या.

या आरोपाला टेरेन्सने स्पष्ट नकार कधीच दिला नाही. अडेल्फी (भाऊ) या नाटकाच्या प्रस्तावनेत, जे सर्व लोकांना प्रिय आहेत त्यांना आपण प्रिय असणे हा आपला गौरवच आहे, एवढेच तो म्हणतो. उमराव मित्रांचा मान राखणे आणि आपले कर्तृत्व सांगणे या दोन गोष्टींमध्ये मुक्त गुलाम असलेल्या लेखकाची झालेली अडचण या मोघम उत्तरात दिसते. हा नकार मनापासून नव्हता व तो मित्रांना रुचणार नाही हे त्याला ठाऊक होते, असा तर्क स्युटोनिअसने केला आहे.

अडेल्फीचा प्रयोग इ.स.पू. १६० मध्ये लुकिउस एमिलिउस पाउलस या सेनापतीच्या अंत्यविधीच्या खेळांत झाला. स्किपिओ हा पाउलसचाच मुलगा असून दुसऱ्या घराण्यात दत्तक गेला होता. नाटकातही डेमेआ या कडक शिस्तीच्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा त्याचा भाऊ मिकिओ याने दत्तक घेतलेला आहे. मिकिओ मुलाला प्रेमाने आणि मोकळीक देऊन वाढवतो, तर डेमेआ धाकट्याला धाकात ठेवतो. प्रत्यक्षात दोन्ही मुले बापांना अंधारात ठेवतात. शेवटी डेमेआ अचानक उदार होतो आणि मिकिओची लोकप्रियता केवळ लाड पुरवण्यातून आली होती, हे दाखवून देतो. मुले कशी वाढवावीत या प्रश्नाचे सोपे उत्तर नाटककार देत नाही. त्यामुळेच हे त्याचे सर्वश्रेष्ठ नाटक मानले जाते.

ग्रीसचा प्रवास आणि मृत्यू

सहा नाटकांनंतर टेरेन्स ग्रीसला गेला आणि पुन्हा परतला नाही. नाटके दुसऱ्यांची असल्याच्या आरोपाला कंटाळून, किंवा ग्रीक लोकांचे जीवन आणि चालीरीती जवळून पाहण्यासाठी तो गेला, अशी दोन कारणे प्राचीन काळी दिली जात. परतताना मिनँडरची अनेक रूपांतरित नाटके घेऊन येत असता तो समुद्रात बुडाला, असे एकाने लिहिले आहे. दुसऱ्या मतानुसार त्याने पुढे पाठवलेले सामान आणि नवी नाटके जहाजाबरोबर बुडाली आणि त्या दुःखाने आजारी पडून तो ग्रीसमध्येच मरण पावला. हे इ.स.पू. १५९ मध्ये घडले. मृत्यूच्या वेळी तो तिशीच्या आसपासचा किंवा त्याहून थोडा मोठा होता.

त्याच्या संपत्तीविषयीही मतभेद आहेत. उमराव मित्रांनी त्याला काहीच दिले नाही आणि त्याच्याकडे भाड्याचे घरही नव्हते, अशी कडवट टीका पोर्किउस लिकिनुस या कवीने केली. स्युटोनिअसच्या म्हणण्याप्रमाणे मात्र आपिअन मार्गालगत त्याची २० युगेरांची (सुमारे साडेबारा एकर) बाग होती आणि त्याच्या मुलीचा विवाह प्रतिष्ठित वर्गातील एका रोमन गृहस्थाशी झाला. त्याच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी, इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सैन्याने कार्थेज जाळून नष्ट केले. त्या सैन्याचा सेनापती त्याचा मित्र स्किपिओच होता.

सुभाषिते आणि त्यांचे मूळ संदर्भ

टेरेन्सची भाषा सुशिक्षित रोमनांच्या नित्याच्या बोलण्याजवळची, नेमकी आणि नितळ आहे. प्लॉटसच्या नाटकांतील गाणी, शाब्दिक कोट्या आणि हुल्लड त्याच्याकडे कमी आढळते. थोडक्या शब्दांतील त्याची वाक्ये संदर्भाबाहेर सहज उभी राहू शकतात, म्हणून ती म्हणींसारखी वापरली जाऊ लागली. मात्र नाटकात ती बहुधा तत्त्वज्ञाच्या नव्हे, तर गुलाम, सल्लागार किंवा लुडबुड करणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी येतात आणि तेथे त्यांचा अर्थ बराच निराळा असतो.

आपण माणूस आहोत, म्हणून माणसाशी संबंधित कोणतीच गोष्ट आपल्याला परकी नाही, या आशयाचे वाक्य सर्वांत प्रसिद्ध आहे. ते हेऑटॉन टिमोरुमेनॉसमध्ये येते. कठोरपणामुळे मुलगा घर सोडून गेला म्हणून मेनेडेमस स्वतःच्या शेतात राबून स्वतःला शिक्षा करीत असतो. शेजारी क्रेमेस त्याची चौकशी करतो. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला तुला इतकी सवड कशी, असे मेनेडेमस विचारतो, तेव्हा क्रेमेस हे वाक्य बोलतो. शेजाऱ्याला उपदेश करणाऱ्या या क्रेमेसला स्वतःच्या मुलाचे घरातच चाललेले प्रेमप्रकरण शेवटपर्यंत उमगत नाही. पुढे सिसेरो आणि सेनेका यांनी हे वाक्य मानवी बंधुभावाचे सूत्र म्हणून वापरले.

कायद्याचा टोकाचा अंमल हा पुष्कळदा टोकाचा दुष्टपणा ठरतो, हा विचार याच नाटकात सायरस हा गुलाम क्रेमेसकडून पैसे उकळताना ऐकवतो. नशीब धाडसी माणसाला साथ देते, हे वचन फॉर्मिओ (इ.स.पू. १६१) या नाटकात गेटा हा गुलाम घाबरलेल्या अँटिफोला धीर देण्यासाठी म्हणतो, पण बाप येताना दिसताच अँटिफो पळ काढतो. जितकी माणसे तितकी मते, ही उक्ती त्याच नाटकातील आहे. डेमिफो तीन सल्लागारांना विचारतो. पहिला एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट सांगतो आणि तिसरा आणखी विचार करायला हवा असे म्हणतो. डेमिफो पूर्वीपेक्षाही अधिक गोंधळात पडतो. प्रेमिकांची भांडणे म्हणजे प्रेमाचे नूतनीकरण, हा आशय आन्द्रियातील आहे. कशाचाही अतिरेक नको, हे प्राचीन ग्रीक वचन त्याच नाटकात सोसियाच्या तोंडी आले आहे.

उत्तरकालीन प्रभाव

प्राचीन टीकाकारांनी टेरेन्सच्या भाषेची स्तुती केली, पण त्याच्यात विनोदाचा जोम कमी असल्याची तक्रारही केली. शुद्ध भाषेबद्दल त्याला गौरवताना ज्युलियस सीझरने त्याला मिनँडरच्या निम्म्याच तोलाचा ठरवले. तरीही भाषेच्या शुद्धतेमुळेच तो शाळांमध्ये शिकवला जाऊ लागला आणि शालेय अभ्यासामुळे त्याची नाटके मध्ययुगातही टिकली. त्यांची ६०० हून अधिक हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. कारोलिंगियन काळातील काही प्रतींत पात्रांची मुखवट्यांसह चित्रे आहेत. दहाव्या शतकात जर्मनीतील ह्रोत्स्विटा या धर्मभगिनीने टेरेन्सला पर्याय म्हणून ख्रिस्ती विषयांवर सहा लॅटिन नाटके लिहिली.

छपाईच्या आरंभकाळात, सुमारे १४७० मध्ये, त्याची नाटके स्ट्रासबर्ग येथे प्रथम छापली गेली. मॅकिआव्हेलीने आन्द्रियाचे इटालियन भाषांतर केले. फ्रेंच निबंधकार माँतेन्यने माणुसकीविषयीचे ते वचन आपल्या ग्रंथालयाच्या तुळईवर लिहून घेतले. मोलिएरने फॉर्मिओ आणि अडेल्फी या नाटकांवरून स्वतःच्या सुखात्मिका रचल्या. १८६५ मध्ये कार्ल मार्क्सने आपले आवडते वचन म्हणून तेच वाक्य दिले.

अमेरिकेत बोस्टन येथे गुलाम म्हणून राहणाऱ्या फिलिस व्हीटली या कवयित्रीचा कवितासंग्रह १७७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्याही कविता तिच्याच आहेत का, अशी शंका घेतली गेली होती. त्या संग्रहातील पहिल्या कवितेत तिने टेरेन्सचा उल्लेख केला आणि तो जन्माने आफ्रिकी होता, अशी टीप त्याच्या नावाला जोडली.